एक धडा, तीन वयोगट : वसतिगृहातला इतिहासाचा वर्ग



मागील अंकात आपल्या वसतिगृहातील ‘इतिहासाच्या वर्गा’चा एका ओळीत उल्लेख आला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारणा केली. मुले शाळेत इतिहास शिकतातच, मग हा वेगळा वर्ग कशाला? पहिलीचे मूल आणि दहावीचा मुलगा एकाच सतरंजीवर बसून एकच धडा कसा शिकणार? आणि आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत असे काही करता येईल का? संपादकांनी सविस्तर लिहायला सांगितले, म्हणून हा लेख.

आपले वसतिगृह पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आहे. सध्या अडतीस मुले-मुली आहेत. बहुतेक वारली, काही कोकणा, काही कातकरी. सगळ्यात धाकटा सहा वर्षांचा, सगळ्यात मोठी मुलगी सोळाची. दिवसा सारी मुले गावातल्या शाळांत जातात. मंगळवारी व गुरुवारी जेवणानंतर तासभर आणि शनिवारी दुपारी असा आमचा वर्ग भरतो. माझी स्वतःची दोन मुलेही त्यातच बसतात.

या वर्गाचा सांगाडा आम्ही घेतला आहे तो अमेरिकेतल्या होमस्कूलच्या पुस्तकांतून. होमस्कूल म्हणजे आईवडिलांनी मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणे. तिकडे अनेक ख्रिस्ती कुटुंबे असे करतात. आपल्याकडे हे फारसे रुजलेले नाही, आणि आमची मुले शाळा सोडणारही नाहीत. तरीही ती पुस्तके आम्हाला उपयोगी पडली, त्याचे कारण साधे आहे. सरकारी पाठ्यपुस्तक एका इयत्तेसाठी लिहिलेले असते. होमस्कूलचे पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक असते की टेबलाभोवती एकच आई आहे आणि तिच्यासमोर सहा, नऊ आणि तेरा वर्षांची भावंडे बसली आहेत. तिला तीन वेगळे धडे घेणे शक्य नाही. वसतिगृह म्हणजे असेच एक मोठे घर. फक्त भावंडे अडतीस.

आम्ही मुख्यतः वापरतो ती लिंडा लाकूर होबार यांची ‘द मिस्ट्री ऑफ हिस्टरी’ ही चार खंडांची माला. पहिला खंड उत्पत्तीपासून प्रभूच्या पुनरुत्थानापर्यंत, दुसरा आरंभीची मंडळी व मध्ययुग, तिसरा युरोपातील नवजागरण व धर्मसुधारणा, चौथा आधुनिक काळ. बायबलमधल्या घटना आणि बाकीच्या जगातल्या घटना त्यात एकाच क्रमाने, शेजारी-शेजारी येतात. प्रत्येक धड्याच्या शेवटी धाकट्यांसाठी, मधल्यांसाठी आणि मोठ्यांसाठी वेगळी कृती सुचवलेली असते. एक खंड एका वर्षात, चार वर्षांनी फेरी पूर्ण, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आज जो सहा वर्षांचा मुलगा अब्राहामाची गोष्ट चित्र काढून शिकतो, तोच दहाव्या वर्षी ती नकाशावर शिकेल आणि चौदाव्या वर्षी तिच्यावर प्रश्न विचारील. कुणी मध्येच वसतिगृहात आले तरी बिघडत नाही. गाडी जिथे असेल तिथे चढायचे. सुटलेली स्टेशने पुढच्या फेरीत येतात.

एक खुलासा इथेच करते. ही पुस्तके इंग्रजीत आहेत आणि त्यांचे हक्क राखीव आहेत. आम्ही त्यांची पाने भाषांतर करून छापत नाही, झेरॉक्सही वाटत नाही. क्रम आणि पद्धत त्यांची, धड्याची गोष्ट मी माझ्या शब्दांत मराठीत एका पानावर लिहून काढते. हे काम वेळखाऊ आहे खरे, पण त्यामुळेच धडा आमच्या मुलांचा होतो.

वय बदलते, गोष्ट बदलत नाही

वेगवेगळ्या वयांना एकत्र शिकवण्यामागे दोन जुने विचार आहेत. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञ. त्यांचा आग्रह असा की मुलाला चांगले पुस्तक एकदाच, लक्ष देऊन ऐकवावे आणि मग त्याने ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. प्रश्नोत्तरे नकोत, गाळलेल्या जागा नकोत. सांगता आले म्हणजे समजले. दुसऱ्या डोरोथी सेयर्स. त्यांनी १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये एक व्याख्यान दिले. त्यात त्या म्हणाल्या की मुलाच्या वाढीच्या तीन पायऱ्या असतात. आधी पोपटासारखे पाठ करण्यात त्याला आनंद वाटतो, मग प्रत्येक गोष्टीवर वाद घालण्यात, आणि पुढे स्वतःचे काही मांडण्यात. वसतिगृहात राहणाऱ्या कुणालाही हे सांगायला ऑक्सफर्डच्या बाई लागत नाहीत, पण त्यांनी त्यावरून शिक्षणाचा जो क्रम लावला तो कामाचा आहे.

आमच्या वर्गात पहिली वीस मिनिटे सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली जाते. मग मुले ती परत सांगतात, आणि इथे एक नियम मी कधीच मोडू देत नाही: आधी धाकट्यांनी सांगायचे, मग मधल्यांनी भर घालायची, आणि शेवटी मोठ्यांनी. क्रम उलटा झाला की धाकट्यांना सांगायला काहीच उरत नाही आणि ती सतरंजीचे दोरे उपसत बसतात. धाकट्यांनी आपल्या वारली बोलीत सांगितले तरी चालते. तेच मधल्या मुलांनी मराठीत सांगायचे आणि मोठ्यांनी वहीत लिहायचे. असे केल्याने बोलीतून प्रमाण मराठीकडे जाणारी वाट रोज थोडी-थोडी मळली जाते. शाळेत जी मुले ‘गप्प असतात’ असा शेरा घेऊन येतात, तीच इथे पाच-सात मिनिटे न थांबता बोलतात. ज्या समाजात लग्नाची गाणी धवळेरी बाई न वाचता, तोंडपाठ म्हणते, त्या समाजातली ही मुले आहेत. ऐकून लक्षात ठेवणे त्यांना घरूनच येते. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळी आमच्या पाचवीतल्या मुलांनी चार संध्याकाळींत पाठ केली. मला ती अजून कागद बघूनच म्हणावी लागते.

गोष्टीनंतर तीन गट होतात. सहा ते आठ वर्षांची मुले चित्र काढतात, माती मळतात, नाट्य करतात. त्यांना सन सांगत नाही, कारण ‘इसवी सनापूर्वी’ हा शब्द त्या वयात नुसता आवाज असतो. नऊ ते बाराची मुले नकाशा भरतात आणि कालपट्टीवर नाव लावतात. तेरा वर्षांपुढची मुले मूळ लेखन वाचतात आणि ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ या एका प्रश्नाचे उत्तर लिहितात.

कालपट्टीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण पाहुणे येतात ते आधी तिच्यासमोरच उभे राहतात. वसतिगृहाच्या ओसरीची भिंत बेचाळीस फूट लांब आहे. एक फूट म्हणजे शंभर वर्षे. अब्राहामापासून, म्हणजे सुमारे इ. स. पू. २००० पासून, इ. स. २००० पर्यंत चाळीस फूट होतात आणि बरोबर मध्यावर, विसाव्या फुटावर, बेथलेहेम येते. भिंत गेरूने सारवली आहे आणि चित्रे तांदळाचे पीठ कालवून बांबूच्या काडीने काढलेली आहेत, म्हणजे जशी या मुलांच्या घरच्या भिंतींवर लग्नात चौक लिहितात तशीच. जिव्या सोमा म्हसे यांनी जी चित्रकला जगभर नेली ती याच भागातली. दावीद आणि गल्याथ दोन त्रिकोणांच्या अंगाचे झाले आहेत. नहेम्याची माणसे यरुशलेमेचा तट बांधताना तारप्याच्या नाचातल्यासारखी वळणाने उभी आहेत. हे मी सुचवले नव्हते. मुलांना माणूस काढायचा म्हटले की तो असाच निघतो.

अब्राहामाच्या आधीचे काय? उत्पत्तीचे पहिले अकरा अध्याय आम्ही पट्टीच्या अलीकडच्या दाराच्या चौकटीवर रंगवले आहेत आणि तिथे एकही आकडा घातलेला नाही. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळींची बेरीज करून निर्मितीचे वर्ष इ. स. पू. ४००४ काढले. तोच हिशोब कित्येक होमस्कूल पुस्तकांत आहे, आमच्या पुस्तकातही तो आहे. शाळेच्या पुस्तकात मुले दगडाच्या हत्यारांचे लाखो वर्षांपूर्वीचे काळ वाचतात. दहावीच्या मुलीला मी चारशे पानांचा वाद हातात देऊन परीक्षेला पाठवणार नाही. निर्माता देव आहे हे आम्ही सांगतो. वर्ष सांगणे बायबलने आमच्याकडे मागितलेले नाही. काही हितचिंतकांना हे पटणार नाही याची कल्पना आहे, पण चौकट कोरीच राहील.

मिसर देशातून निघण्याची गोष्ट भिंतीवर एका रेघेने नव्हे तर रुंद पट्ट्याने दाखवली आहे, कारण बायबल मानणारे विद्वानच त्या घटनेच्या वर्षाबद्दल दोनशे वर्षांच्या फरकाने बोलतात. पुढे मात्र पाय ठेवायला घट्ट जागा मिळते. अश्शूरच्या शल्मनेसर राजाने इ. स. पू. ८५३ च्या लढाईचा लेख दगडावर कोरून ठेवला. त्यात इस्राएलच्या अहाब राजाचे नाव आहे आणि तो दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मोठ्या मुलांना अशा जागा फार आवडतात.

पुस्तकात नसलेला देश

अमेरिकेतल्या घरासाठी लिहिलेल्या पुस्तकात भारताचे धडे मोजकेच असणार, आणि त्यात पालघर नसणार. त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या मुलांनी चार वर्षे अशा भिंतीसमोर बसावे जिच्यावर ऊर, बाबेल, रोम, विटेनबर्ग सगळे आहे आणि आपल्या डोंगराच्या पायथ्याचे काहीच नाही, तर ती यातून काय शिकतील? इतिहास दुसऱ्यांचा असतो, एवढेच. म्हणून प्रत्येक आठवड्याच्या तीन धड्यांपैकी एक आम्ही आपल्या मातीतला घालतो, त्याच काळातला. जमले तर त्याच धाग्यातला.

असे धागे शोधायला लागले की सापडतात. अब्राहाम ज्या ऊर नगरातून निघाला तिथल्या उत्खननात सिंधू खोऱ्यातल्या मुद्रा मिळाल्या आहेत. एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच वचनात अहश्वेरोशाच्या एकशे सत्तावीस प्रांतांच्या एका टोकाला आपल्या देशाचे नाव येते. मधल्या गटाला ते शोधायला लावले तेव्हा कंदिलाभोवती गर्दी झाली होती (त्या दिवशी वीज नव्हती). अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद इथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना ब्राँझचे चार भरीव नग सापडले: बैलगाडीसारखा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांचे एकमत नाही. धाकट्यांनी मातीचे गेंडे केले. मोठ्यांनी मात्र वेगळेच टिपून ठेवले, की हे शोधणारा आदिवासी होता.

सगळ्यात रंगला तो अशोकाचा आठवडा. मलाखी आणि मत्तय यांच्यामध्ये बायबलमध्ये एकच कोरे पान असते. त्या पानात सुमारे चारशे वर्षे आहेत आणि अशोक (राज्यकाळ सुमारे इ. स. पू. २६८ ते २३२) त्यातच बसतो. आमच्यापासून बसने जाता येईल अशा नालासोपाऱ्याला, जुन्या शूर्पारक बंदरात, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषय असा की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, या राजाने त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या. धाकट्यांना एवढे पुरले. शिकार सोडलेला राजा, त्याच्याभोवती निर्धास्त उभे असलेले हरिण, मोर आणि रानडुक्कर. रानडुक्कर का, तर ते आमच्याकडे असते म्हणून.

मधल्यांनी नकाशा भरला. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावे आहेत आणि त्यांतला एक ‘तुरमय’ म्हणजे मिसरचा दुसरा टॉलेमी. परंपरेनुसार याच टॉलेमीच्या काळात अलेक्झांड्रियात जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराला सुरुवात झाली. तेच भाषांतर पुढे पौल आणि आरंभीची मंडळी वापरत होती. पाटलीपुत्रापासून अलेक्झांड्रियापर्यंत मुलांनी दोरा ताणला, तो नालासोपाऱ्याजवळून गेला.

मोठ्यांना तेराव्या लेखाचा मराठी गोषवारा वाचायला दिला. कलिंगच्या युद्धात लाखभर माणसे मेली, त्याचे राजाला दुःख झाले, हे शाळेच्या पुस्तकात असते. पण त्याच लेखात अरण्यात राहणाऱ्या लोकांनाही उद्देशून काही आहे: राजा त्यांची समजूत घालू इच्छितो, मात्र पश्चात्ताप झाला असला तरी शिक्षा करण्याची ताकद त्याच्याकडे आहे, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. वाचून झाल्यावर नववीतला एक मुलगा म्हणाला, “म्हणजे ताई, जंगलातल्यांना तेव्हाही नोटीसच यायची.” सगळे हसले, मीही हसले. मग त्याला विचारले, जंगलातल्या लोकांनी उत्तरादाखल काय कोरले असेल? तो बराच वेळ विचार करत होता. त्याने वहीत लिहिले की त्यांना लिहायला येत नव्हते, म्हणून आपल्याला फक्त राजाचीच बाजू माहीत आहे. मोठ्या गटासाठी मी जे वर्षभर शिकवू पाहते, ते त्याने दोन ओळींत लिहिले.

इतक्या धाग्यांचा एक धोकाही आहे. आपला गाव बायबलमध्ये सापडावा असे कुणाला वाटत नाही? शलमोनाची जहाजे ओफीरहून सोने आणत. ग्रीक भाषांतरात ते नाव ‘सोफिर’सारखे येते, आणि काहींनी ते सोपाऱ्याशी जोडले आहे. मुलांना हे कळले तेव्हा शलमोनाचे सोने आमच्या खाडीत उतरवण्याची त्यांची तयारी झाली होती. पण हा तर्क आहे, त्याला पुरावा नाही. म्हणून भिंतीवर प्रत्येक नावाच्या खिळ्याला दोरा बांधायची पद्धत पाडली. लेखी किंवा कोरीव पुरावा असेल तर काळा दोरा, मंडळीची जुनी परंपरा असेल तर पिवळा, नुसता तर्क असेल तर तांबडा. प्रेषित थोमा इ. स. ५२ मध्ये केरळात आला याला पिवळा दोरा आहे. ओफीर म्हणजे सोपारा याला तांबडा. दोरा कोणता बांधायचा हे मोठा गट ठरवतो आणि ते काम तो फार गंभीरपणे करतो.

अवघड पाने

सगळ्याच वयांना सगळे सांगायचे नसते. ठाण्याची १३२१ सालची घटना घ्या. तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती होर्मूझहून जहाजाने ठाण्याला उतरले. तिथे तेव्हा नेस्टोरियन ख्रिश्चनांची काही घरे होती आणि अशाच एका घराने त्यांना आसरा दिला. एप्रिल महिन्यात त्या चौघांना ठार मारण्यात आले. त्यांचा सोबती जॉर्डनस तेव्हा ठाण्यात नव्हता. त्याने नंतर त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. म्हणजे गोव्यात पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षे आधी आपल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावर ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. ‘तुमचा धर्म इंग्रजांनी आणला’ हे वाक्य आमची मुले शाळेत ऐकतात. त्यांना हा सन माहीत असावा असे मला वाटते.

पण सहा वर्षांच्या मुलाला छळाची वर्णने कशासाठी? धाकट्यांना मी दूरदेशाहून आलेल्या पाहुण्यांची आणि दार उघडणाऱ्या घराची गोष्ट सांगितली. ते पुढे मरण पावले, त्यांच्या मित्राने त्यांना प्रेमाने पुरले, इथे थांबले. मधल्यांनी होर्मूझ ते ठाणे हा मार्ग काढला. मोठ्यांशी मात्र सगळे बोलले. त्यांना मारण्याचा हुकूम तिथल्या मुसलमान अधिकाऱ्यांचा होता हे लपवले नाही. आमच्या बाजारात मुलांना उधारीवर वह्या देणारे दुकानदार मुसलमान आहेत, हेही त्या तासाला सांगितले. आणि त्याच भिंतीवर अडीच फूट पुढे १५६० हा आकडा आहे. त्या वर्षी गोव्यात ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी धर्मन्यायालय बसवले, ते मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चालले. एक पान दाखवायचे आणि दुसरे चिकटवून टाकायचे, असे केले तर मोठी मुले ते नखाने सोडवतातच. त्यापेक्षा आपणच उघडलेले बरे.

तेच बिरसा मुंडांबद्दल. ते काही काळ चाईबासाच्या जर्मन मिशन शाळेत शिकले आणि पुढे मिशनपासून दूर झाले. १८९९–१९०० चा उलगुलान त्यांनी इंग्रज सरकार आणि जमिनी गिळणारे सावकार-जमीनदार यांच्याविरुद्ध उभारला, मिशनच्या ठाण्यांवरही हल्ले झाले. ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते वारले. मिशनच्या वसतिगृहात हा धडा घ्यायचा तर सगळाच घ्यावा लागतो. “ते मिशन सोडून का गेले?” हा प्रश्न आला, आणि तो त्या संध्याकाळी सुटला नाही. पुढच्या वर्षी चौथ्या खंडात तो पुन्हा येईल.

मागच्या हिवाळ्यात एक ज्येष्ठ हितचिंतक वसतिगृह पाहायला आले होते. भिंतीपाशी ते बराच वेळ रमले आणि मग एकोणचाळिसाव्या फुटापुढे थांबले. तिथे १९४५ चा वारल्यांचा उठाव आहे: वेठबिगार आणि लग्नगडी पद्धत यांविरुद्ध माणसे उभी राहिली, १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, पाच जण मारले गेले. लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबत राहायचे, याला लग्नगडी म्हणत. त्या चळवळीचे नेतृत्व श्यामराव आणि गोदावरी परुळेकरांनी केले, आणि ते कम्युनिस्ट होते. पाहुण्यांनी सौम्यपणे विचारले, “हे इथे कशाला, बाई?” उत्तर मी दिले नाही. आठवीतली एक मुलगी शेजारी उभी होती, ती म्हणाली, “माझा आजोबा लग्नगडी होता.” पाहुण्यांनी तिला त्याचे नाव विचारले, गाव विचारला, आणि दोघे ओसरीच्या कट्ट्यावर बसले.

निर्गम शिकवताना हाच धडा जोडीला येतो. धाकटी मुले पेंढ्याशिवाय विटा पाडून पाहतात. (त्या तुटतात. त्यांना फार गंमत वाटते.) मधली मुले घरी सुट्टीत गेल्यावर आजी-आजोबांना एकच विचारून येतात: तुम्ही कुणाकडे राबायचा आणि काय मिळायचे? मोठी मुले निर्गमचा पाचवा अध्याय वाचतात आणि फारोचे कामगारांबद्दलचे म्हणणे व सावकाराचे म्हणणे शेजारी मांडतात. मात्र इथे मी एक मर्यादा पाळते. परुळेकरबाई म्हणजे मोशे, असे मुलांना म्हणू देत नाही. मोशेची गोष्ट मोशेची आहे, तलवाड्याची तलवाड्याची. दोन्ही ठिकाणी देवाने कण्हणे ऐकले असे आम्ही मानतो, पण प्रत्येक चांगल्या माणसावर बायबलमधले नाव चिकटवले की दोन्ही गोष्टी फिक्या होतात.

ज्यांनी शब्बाथ शाळेसाठी विचारले त्यांना एवढेच सांगेन की पुस्तकांची माला विकत घेऊन सुरुवात करू नका, भिंतीने किंवा नुसत्या सुतळीने करा. वीस फूट सुतळी, एका फुटाला शंभर वर्षे, प्रभूच्या जन्मापासून आजपर्यंत. आपल्या मंडळीची स्थापना केव्हा झाली तिथे पहिली चिठ्ठी लावा. मग मराठीतल्या ठळक गोष्टी येऊ द्या: १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापले गेलेले फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’, १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेला ‘ज्ञानोदय’, १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी काढलेले शारदा सदन, १८९५ मध्ये रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा. लहानांकडून चित्र, मधल्यांकडून नकाशा, मोठ्यांकडून दोऱ्याचा रंग. रविवारी अर्धा तास मिळाला तरी चालतो. शिक्षक एकच असेल तर मोठ्यांना लिहायला बसवून आधी धाकट्यांचे आटपावे, कारण त्यांना झोप लवकर येते.

आमची पट्टी चाळिसाव्या फुटाला संपते, पण २००६ चा वनहक्क कायदा मुलांनी त्याच्या पुढे, उरलेल्या दोन फुटांत रंगवला आहे. काही घरांना त्या कायद्याखाली जमिनीचे कागद मिळाले, काहींचे दावे अजून तालुक्यात आहेत, म्हणून त्या चित्रातली निम्मी शेते नुसत्या रेघेची आहेत, आत ठिपके भरलेले नाहीत. दावा मंजूर झाला की ते मूल येऊन आपले शेत भरते. आतापर्यंत तीन भरली.

जूनपासून तिसरा खंड सुरू होईल. त्यासाठी भिंतीवर लावण्याजोगे जगाचे, भारताचे आणि ठाणे-पालघरचे मोठे नकाशे हवे आहेत. शाळांतून काढून टाकलेले जुने चालतील, कडा फाटलेल्या असल्या तरी चालतील, फक्त नावे मराठीत असावीत.